भलतंच ऐकणारे घर

माझ्या उजव्या कडेला आवाजाचे चाक आहे. ते अंगठ्याने फिरवायचे. त्याच्या काठावर शून्यापासून दहापर्यंत आकडे पांढऱ्या रंगात छापलेले आहेत. तीन आणि चार यांच्या मधोमध चाकाची खरखरीत नक्षी झिजून गुळगुळीत झाली आहे. ते साहजिक आहे. बरीच वर्षे घरातल्या सगळ्यांचे अंगठे तिथेच टेकत होते. पुढचे पाच, सहा आणि सात हे आकडे मात्र काल छापल्यासारखे स्वच्छ आहेत. आणि त्यापुढचा आठ पार पुसला गेला आहे. तिथे आकडा होता हे सात आणि नऊ यांच्यामधल्या रिकाम्या जागेवरूनच कळते.

मित्रांनो, मी एक जुना टू-इन-वन आहे. रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकाच खोक्यात, म्हणून हे नाव. एका बाजूला स्पीकरची जाळी, दुसऱ्या बाजूला कॅसेटचे दार, वर खेचून लांब करायची अँटेना आणि उचलायला मूठ. आता मी कपाटावर बसून असतो. मधले आकडे कोरे कसे राहिले, असे मला कुणी विचारत नाही. विचारले असते तर सांगितले असते की आमच्या घरातले एक माणूस साडेतीनवरून थेट आठवर जात असे, आणि कुणी घरात यायच्या आत परत साडेतीनवर येत असे.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका ओळीने बसलेल्या असत. एक जण छोट्या चाकांवर रबरी पट्टा चढवी, दुसरी तारा जोडी, तिसरी स्क्रू पिळी. शेवटी मला एका बंद खोलीत नेले आणि माझ्याकडून शिट्ट्या वाजवून घेतल्या. आधी जाड, मग बारीक, मग इतकी बारीक की तपासणाऱ्या बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. त्यांनी मान हलवली आणि मी पास झालो. तेव्हा मला वाटले होते की जगात सगळ्यांना सगळे सूर सारखेच ऐकू येतात.

मला कुणी विकत घेऊन घरी आणले नाही. मी भेट म्हणून आलो. बाबा पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या कारखान्यात प्रेसवर काम करत. त्या धडधडाटात त्यांचे कान गेले. त्यांना प्रेसवरून काढून फाटकावर बसवले, तेव्हा सोबतच्या कामगारांनी वर्गणी काढून मला आणले. बाबांनी मला टेबलावर ठेवले आणि आईने कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिले.

"कान काढून घेतले आणि रेडिओ दिला," ती म्हणाली. "टकल्याला कंगवा द्यावा तसं झालं."

"दंगा?" बाबा म्हणाले. "कुठे दंगा?"

"भलतंच," आई म्हणाली, आणि घरात हसण्याचा स्फोट झाला. बाबाही हसले. कशाला हसायचे ते त्यांना ठाऊक नव्हते, पण सगळे हसताहेत तर आपण मागे का राहावे, असा त्यांचा स्वभाव होता. हसून झाल्यावर त्यांनी आपला तळहात माझ्या पाठीवर सपाट टेकवला आणि मान डोलावली. बाबा मला असेच ऐकत. ढोलाचा ठोका त्यांच्या हातातून आत जाई.

घर दोन खोल्यांचे होते. आतल्या खोलीत आईचे शिवणयंत्र होते. ती शाळेचे गणवेश शिवून देई. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ मी. घरात दोन मुली होत्या. धाकटी शाळेत जाई. तिचा आवाज इतका चिरका आणि बारीक होता की सगळे तिला पिपाणी म्हणत. थोरली ताई एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. समोर भोकांची उभी पाटी, डोक्यावर हेडफोन, हातात प्लग. बाहेरून फोन आला की बोलणाऱ्याला कोण हवे ते ऐकायचे आणि त्या भोकात प्लग लावायचा. बाबांच्या फाटकावरच्या पगारात घर भागत नव्हते. ते ताईच्या कानांवर चालत होते, असे म्हटले तरी चालेल.

ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षेच झाली होती. दर रविवारी दुपारी रेडिओवर परदेशी गाण्यांचा कार्यक्रम लागे. दहाव्या क्रमांकापासून सुरुवात करून पहिल्यापर्यंत. काय गाणी होती ती, मित्रांनो. ताल धरायला माणूसच नसे. विजेवर चालणारे यंत्र टाळ्या वाजवी आणि त्यावर कुणीतरी काचेचे थेंब पडावेत तसे सूर टाकी. शाळेत सोमवारी ज्याला पहिला क्रमांक माहीत नसे त्याची काही धडगत नसे. त्यामुळे पिपाणी रविवारी जेवणाचे ताट घेऊन माझ्यासमोर बसे.

ती गाणी कॅसेटवर उतरवून घेणे हे मोठे नाजूक काम होते. दोन बटणे एकत्र दाबून ठेवायची, वर पॉज दाबायचा, आणि गाणे सुरू होताच पॉज सोडायचा. अडचण निवेदकाची होती. गाणे संपायच्या आधीच तो बोलायला लागे. गोड, पाकात बुडवलेला आवाज. तो टेपवर आला की गाणे बिघडले. म्हणून पॉजवर बोट ताईचे असे. निवेदक बोलण्याआधी श्वास घेई. गाण्याच्या गोंगाटात तो श्वास ऐकू येणारी घरात एकटी ताई होती. तो ऐकला की तिचे बोट खाली जाई. टेपवर निवेदकाचा एकही शब्द सापडत नसे.

कार्यक्रम संपला की 'भलतंच' सुरू होई. त्या कंगव्याच्या दिवसापासून घरात हा खेळ रुळला होता. उतरवलेले एखादे गाणे लावायचे आणि जे ऐकू येईल ते चिटोऱ्यावर आपल्या भाषेत लिहायचे. गाण्याची भाषा धड कुणालाच येत नव्हती. मग पिपाणी सगळ्यांचे चिटोरे मोठ्याने वाची. जो सर्वात भलते ऐकेल तो जिंकला. एका गाण्यात एक गायिका कळवळून कुणाला तरी बोलावत असे. आमच्या घरी ते 'मोरी तुंबली, ये ना' असे झाले. दुसऱ्या एका गाण्यातला माणूस 'काकू, दार लावा' असे पुन्हा पुन्हा बजावी. पुढे गाण्यांची खरी नावे कुणाच्या लक्षातही राहिली नाहीत. "या आठवड्यात काकू दुसऱ्या नंबरवर, मोरी घसरली," असे पिपाणी गंभीरपणे सांगे. बाबांचा चिटोरा नेहमी एकच असे: ढुम ढुम.

ताई नेहमी हरे. ती कॉलेजात ती भाषा थोडी शिकली होती आणि तिला शब्द लख्ख ऐकू येत. ती ते जसेच्या तसे लिही.

"तू काय परीक्षेला बसलीयेस का गं?" पिपाणी म्हणे.

पुढच्या वर्षी ताई जिंकायला लागली.

पहिल्यांदा तिने लिहिले, 'उशीत मासा शिवला.' आई हसता हसता खांबाला टेकली. पुढच्या रविवारी, 'जिन्यावर बटाटे थांबले.' सगळे म्हणत, ताईला आता खेळ जमला. तीही हसे. पण मी तिच्या समोरच असे. ती आधी सगळ्यांची तोंडे पाही आणि मग हसे. इतरांच्या मागून, क्षणभर उशिरा.

त्याच सुमारास टेपवर निवेदक येऊ लागला. आधी शेवटचा एखादा शब्द, मग अख्खे वाक्य.

"ताई, याची बडबड आली की," पिपाणी चिडली.

"हात घसरला."

"दर वेळी बरा घसरतो."

 ताई खिडकीबाहेर पाहत होती. पिपाणीने आणखी काहीतरी म्हटले, मग आत जाऊन आईकडे तक्रार केली. "ताई हल्ली भाव खाते. मी बोलले की ऐकून न ऐकल्यासारखं करते. नोकरी लागली म्हणून काय झालं?"

घरात कुणी नसले की ताईचा अंगठा माझ्या चाकावर येई. साडेतीन, आणि मग एका झटक्यात आठ. ती जाळीजवळ कान आणून उभी राही, कपाळाला आठ्या घालून. गाणे संपायच्या आत तिची नजर दाराकडे जाई. जिन्यावर पावले वाजली तर तिला ऐकू येणार नव्हती हे तिला कळले होते की नाही, मला माहीत नाही. पण ती दाराचा कोयंडा हलतो का ते पाहत राही. कोयंडा हलला की चाक मागे. साडेतीन, अगदी त्याच रेषेवर. दार उघडून आत येणाऱ्याला मी नेहमीसारखाच वाजताना दिसे.

आठवड्यांमागून आठवडे असे गेले. मग एके दिवशी तिने मला उचलले आणि म्हणाली, "आई, याचा आवाज दबलाय. दाखवून आणते."

"चांगला तर वाजतोय," आई आतून म्हणाली. ताई तोवर जिना उतरली होती.

दुरुस्तीचे दुकान अरुंद होते. भिंतीवर काचा नसलेली घड्याळे, डब्यांत स्क्रू, टेबलावर तापलेल्या डिंकासारखा वास. मेकॅनिक जाडजूड आणि बोलका होता. बाकावर एक बाई इस्त्री दुरुस्त व्हायची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांच्या खांद्यावर तान्हे मूल झोपले होते.

"काय होतंय याला?"

"बारीक सूर येत नाहीत," ताई म्हणाली. "झांजा वाजायच्या ना, त्या गेल्यात."

"जेवायला गेल्या असतील. येतील."

ताई हसली नाही. त्याने माझी पाठ उघडली, धूळ फुंकली, स्पिरिटच्या कापसाने टेप वाचणारे माझे आतले डोके पुसले. मग टेबलाखालून एक लहान पेटी काढून तिच्या तारा मला जोडल्या. त्या पेटीतून हवा तो सूर काढता येई. माझ्या जन्माच्या वेळची तपासणीच ती. त्याने बटण फिरवले. जाड शिट्टी आली. ताईने मान हलवली. तो बटण फिरवत गेला, सूर बारीक होत गेला, ताई मान हलवत गेली. मग तिची मान थांबली.

तो फिरवतच राहिला. सुरीने काच ओरखडावी तसा सूर माझ्या जाळीतून निघाला. बाकावरचे मूल दचकून जागे झाले आणि टाहो फोडून रडू लागले. त्या बाईंनी त्याच्या कानांवर हात ठेवले. मेकॅनिकने तोंड वेडेवाकडे केले.

"आता लावा ना," ताई म्हणाली.

"काय लावू?"

"शिट्टी."

"लागलीच आहे की."

ताईने पेटीवरचा काटा पाहिला. तो वरच्या टोकाला थरथरत होता. तिने मुलाकडे पाहिले. त्याचे रडणे तिला ऐकू येत होते. ते कशाने रडत होते, ते येत नव्हते. तिने माझ्या जाळीवर बोटे टेकवली, आणि भाजल्यासारखी मागे घेतली.

"बंद करा," ती म्हणाली.

"याच्यात काही खोट नाही. ठणठणीत आहे."

"कळलं मला."

आम्ही बाहेर पडलो तेव्हा मेकॅनिक त्या बाईंना सांगत होता, "हल्ली लोकांना सगळं मोठ्यानंच पाहिजे." ताईने मला दोन्ही हातांनी छातीशी धरले होते. रस्ता ओलांडताना ती पुन्हा पुन्हा दोन्हीकडे पाहत होती.

तिच्या हॉस्पिटलात कानांचा विभाग होता. रोज कितीतरी लोकांना ती स्वतः तिथे जोडून देई. पण तिथली झाडणारी मावशीसुद्धा तिला आवाजावरून ओळखत होती. तिथे जाऊन बसायचे म्हणजे दुपारपर्यंत साऱ्या इमारतीला कळणार. ऑपरेटरला ऐकू येत नाही, ही बातमी झाल्यावर नोकरी कुठून राहणार? ताई गेली नाही. 'पुढच्या आठवड्यात' असे ती आरशात पाहून पुटपुटे. पुढचा आठवडा आला की त्याच्या पुढचा.

एका संध्याकाळी जेवताना तिने सगळ्यांना एक गंमत सांगितली. हॉस्पिटलात सात नंबरवर रक्तपेढी होती आणि आठ नंबरवर धुलाईखाना. "आमच्याकडे एक नवी मुलगी आलीय. डॉक्टरांनी सात मागितला, तिनं आठ लावला. डॉक्टर म्हणतात, चार बाटल्या ताबडतोब पाठवा. तिकडून धुलाईवाला म्हणतो, चादरी अजून वाळल्या नाहीत."

पिपाणीला ठसका लागला. आई म्हणाली, "मग? रक्त मिळालं का वेळेवर?"

"मिळालं. डॉक्टर स्वतः धावत गेले."

"काय गं बाई त्या मुलीला. कान आहेत की भोकं?"

बाबा हसले नाहीत. ते ताईच्या हाताकडे पाहत होते. हातातला घास तसाच राहिला होता.

मित्रांनो, नवी मुलगी कुणी नव्हती. सात, आठ, साठ. हे तीन शब्द बोलून पाहा. त्यांतले बारीक आवाज काढून टाका. मागे उरतो तो नुसता 'आ'. ताईला आता तेवढाच ऐकू येत होता, आणि साठ नंबरवर अपघात विभाग होता.

मग तिने एक युक्ती काढली. ती प्रत्येकाला विचारू लागली. "सहानंतरचा सात, की सातानंतरचा आठ?" समोरचा वैतागे, पण सांगे. चुका थांबल्या. तिच्या वरच्या मोठ्या बाईंनी हे ऐकले आणि सगळ्या मुलींना उभे करून सांगितले, हिच्यासारखं खात्री करून जोडत जा. ताईने ही शाबासकी घरी सांगितली नाही. ती आम्हाला मोठ्या बाईंनीच नंतर सांगितली.

एका दुपारी ताईची रजा होती. आई आत शिवत होती, यंत्राची खडखड चालू होती. पिपाणी शाळेत. त्या खडखडीत आईला कळणार नाही, या भरवशावर ताईने मला आठवर नेले. इतक्यात बाबा फाटकावरची पाळी संपवून आले. ताईने चाकाला हात लावला नाही. बाबांना मोठे काय आणि लहान काय, कळणार नव्हते. त्यांच्यासमोर ती निर्धास्त होती.

बाबांनी बूट काढले, माझ्याजवळ आले आणि सवयीने माझ्या पाठीवर तळहात ठेवला. माझे सगळे अंग थडथडत होते. त्यांनी हात उचलला. पुन्हा ठेवला. मग त्यांनी वाकून माझ्या चाकावरचा आकडा पाहिला.

"कधीपासून?" त्यांनी विचारले.

ताई पाठमोरी होती. बाबा फिरून तिच्या समोर गेले आणि आपल्या ओठांकडे बोट दाखवून पुन्हा म्हणाले, "कधीपासून?"

गुपित बोलायचे तर कुजबुजावे लागते, मित्रांनो. पण एकाला ऐकू येत नाही आणि दुसरीला अर्धेच येते, अशी दोन माणसे कुजबुजणार कशी? ती दोघे माझ्या आवाजाच्या आडोशाला समोरासमोर तोंडे आणून बोलली.

"गेल्या वर्षापासून."

"प्रेसवर असताना मीही म्हणत होतो, मशीनचा आवाज कमी झालाय. तेल पाजलं असेल म्हणून." बाबांनी हवेत दांडा धरल्यासारखी मूठ वळली. "मागून एक जण ओरडला, थांब. मी दांडा खाली ओढला. त्याचा हात नखभर अंतरानं वाचला. ते त्याचं नशीब. माझे कान नव्हेत."

"तुम्ही कधी सांगितलं नाही."

"फाटक मी मागून घेतलं. लोकांना वाटतं, बसवलं. तू सांगून टाक."

"सांगितलं तर मलाही फाटकावर बसवतील. आणि आमच्याकडे दोन्ही फाटकांवर माणसं आहेत." ती हसायला गेली. "पिपाणीचं शिक्षण आहे, बाबा. आईला सांगू नका. मी बघते."

"काय बघतेस?"

"बघते म्हटलं ना."

गाणे संपले. आतली खडखडही थांबली होती. कधी थांबली ते दोघांपैकी कुणालाच ऐकू आले नव्हते. मला आले होते. थोड्या वेळाने यंत्र पुन्हा सुरू झाले, हळूहळू, एकेक टाका.

त्या दिवसानंतर घरात एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. आई ताईशी बोलताना कामावरून उठून तिच्या समोर येऊ लागली. का, ते तिने सांगितले नाही. ताईने विचारले नाही. तिघांनाही माहीत होते आणि तिघेही गप्प होते. चाक मात्र साडेतीनवरच दिसत होते.

मग मोठ्या बाईंचा निरोप आला. हॉस्पिटलात रुग्णवाहिकेसाठी वेगळी लाइन सुरू होणार होती. तिच्यासाठी त्यांनी ताईचे नाव दिले होते, कारण ताई खात्री करून जोडते. पण ही लाइन वेगळी होती. त्यावर फोन करणारा माणूस रडत असतो, धापा टाकत असतो. तो एकदाच पत्ता ओरडतो आणि रिसीव्हर टाकून पळतो. त्याला 'सहानंतरचा सात का' असे विचारता येत नाही. ताई रोज 'उद्या सांगते' म्हणत राहिली. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, रविवारी मीच घरी येते, तुझ्या आईबाबांसमोर हो म्हणवून घेते.

त्या रविवारकडे जाण्याआधी माझे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगून टाकतो, मित्रांनो, कारण त्यानंतर मला काही सांगायचे उरणार नाही. गाणी कॅसेटवरून चकत्यांवर गेली, चकत्यांवरून कुठे गेली ते मला कळलेही नाही. माझा रबरी पट्टा वितळून चिकट झाला. कुणीतरी मला कपाटावर ठेवताना पोटातले सेल काढायला विसरले. ते सेल पाझरले आणि त्यांनी माझ्या स्प्रिंगा खाल्ल्या. एवढे एक काम कुणी केले असते तर मी आजही गायलो असतो. म्हणून माझी विनंती आहे, यंत्र बाजूला ठेवाल तेव्हा त्याचे सेल काढून ठेवा. यंत्र बिघडले की खरखर करते, निदान गप्प तरी होते. माणसाचे तसे नसते. ते बिघडले की इतरांबरोबर हसत राहते. तुमच्या घरात कुणी हसायला क्षणभर उशीर करत असेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर त्याला भाव खातो म्हणू नका. उठा, त्याच्या समोर जाऊन बसा, आणि तोंड दिसेल असे विचारा.

त्या रविवारी मोठ्या बाई आल्या. साध्या, हसऱ्या, भरड आवाजाच्या बाई होत्या. त्यांना माझ्या शेजारची खुर्ची दिली. आईने चहा आणला. मी साडेतीनवर होतो आणि कार्यक्रम रंगात आला होता. पिपाणीला राहवेना.

"बाई, तुम्ही भलतंच खेळाल?"

"म्हणजे काय गं?"

पिपाणीने नियम सांगितले. बाईंना मजा वाटली. सगळ्यांच्या हातांत चिटोरे आले. पहिल्या क्रमांकाचे गाणे लागले. नवेच होते, कुणी ऐकलेले नव्हते. ताईने पेन्सिल धरली. ती जाळीकडे पाहत होती आणि तिच्या मानेची शीर ताणली होती.

पिपाणीने वाचायला सुरुवात केली. आईचे, 'सुई दे, मी शिवते.' बाबांचे, 'ढुम ढुम.' बाईंचे, 'तू ये, मी येते.' आणि ताईचे, 'पाण्यात कुणी दिवा लावला.'

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "कुठून सुचतं गं तुला हे?" त्या म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसत त्या खिडकीकडे वळल्या, तिथल्या कट्ट्यावरचा कप उचलला आणि तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "मग उद्यापासून रुग्णवाहिकेची लाइन तुझ्याकडे. मी वर शब्द दिलाय. चालेल ना?"

ताई त्यांच्या पाठीकडे पाहून हसत होती.

"अगं, चालेल ना?" बाईंनी कप तोंडाला लावत विचारले.

 माझ्यात निवेदक बडबडत होता.

"ताई," पिपाणी म्हणाली, "त्या विचारतायत तुला."

तो बारीक आवाज ताईपर्यंत पोहोचला नाही. आईने तोंड उघडले. लेकीच्या वतीने ती हो म्हणणार होती की नाही, कुणास ठाऊक. बाबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "तिला बोलू दे."

ताईने सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. काहीतरी विचारले गेले आहे, एवढे तिला कळले. सगळे थांबलेत. आता फक्त मान हलवायची होती. एकदा हलवली की पगार वाढणार होता, पिपाणी शिकणार होती, आणि उद्या कुणीतरी फोनवर एकदाच आपला पत्ता ओरडणार होते. तिचे ओठ सवयीने हसण्यासाठी ताणले गेले. मी ते इतक्या जवळून पाहत होतो. अर्ध्यावर ते थांबले.

तिने हात लांब केला आणि मला बंद केले.

"बाई, माझ्याकडे बघून बोला," ती म्हणाली.

बाई वळल्या. कप त्यांच्या हातात तसाच राहिला. "का गं?"

"तुम्ही आत्ता काय विचारलंत ते मला माहीत नाही. पिपाणी काहीतरी म्हणाली. काय, तेही माहीत नाही." तिने पिपाणीच्या हातातला स्वतःचा चिटोरा घेतला आणि टेबलावर ठेवला. "हे मला सुचत नाही. मला जे ऐकू येतं तेच मी लिहिते."

"थट्टा करतेस."

"नाही."

पिपाणी उठून उभी राहिली होती.  आईने पदर तोंडाशी नेला. ताईने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती बाईंच्या ओठांकडे पाहत होती, आणि त्या काही बोलायच्या आत तिला बोलून टाकायचे होते.

"त्या लाइनवर मी बसणार नाही," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही."